ठराव क्रमांक 7 : खाडीकाठच्या एका ग्रामसभेत विवाहसमानतेचा विषय

रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. वाड्या पाच, मतदार साधारण अकराशे. 1 मे 2025 च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाणीयोजना, स्मशानशेड, वानर-रानडुकरांचा उपद्रव असे नेहमीचे विषय होते. सातवा विषय होता : "समलिंगी जोडीदारांच्या विवाहास कायदेशीर मान्यता मिळणेबाबत शासनाकडे शिफारस करणे." गाव आणि माणसं या अभ्यासापुरती रचलेली आहेत. कायदे, निकाल, परिपत्रकं आणि गावाबाहेरच्या घटना खऱ्या आहेत.

सिस्टर आणि मॅडम

गावात दोघींना नावानं कोणी हाक मारत नाही. सिस्टर गावातल्याच, भंडारवाडीतल्या. जिल्हा परिषदेच्या आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका-सुईण, म्हणून उभी नोकरी करून निवृत्त झाल्या. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची. मॅडम मिरजेकडच्या. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून बदलून आल्या, सिस्टरांच्या घरी भाड्यानं राहिल्या, पुढे भाडं बंद झालं आणि राहणं चालू राहिलं. आता दोघी साठीच्या आसपास आहेत. एकत्र राहण्याला पंचवीस वर्षं होऊन गेली.

गावाला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. कोकणी गावाला माहीत नसतं असं फार थोडं असतं. पण न विचारण्याची एक रीत असते आणि दोघी त्या रीतीच्या आडोशाला होत्या. हळदीकुंकवाला दोघींना एकत्र बोलावणं, गणपतीत आरतीला दोघी एकत्र, शिमग्यात पालखी दारात आली की ओटी भरायला सिस्टर आणि तबक धरायला मॅडम. चालत होतं.

2024 च्या पावसाळ्यात सिस्टरांना हृदयविकाराचा झटका आला. तालुक्याच्या गावी दवाखान्यात संमतीच्या कागदावर "रुग्णाशी नाते" अशी ओळ होती. मॅडमनी तिथे "बहीण" लिहिलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा धाकटा भाऊ विरारहून आला आणि कागदावर बहीण म्हणून कोणाची सही आहे ते त्यानं वाचलं. त्या वेळी तो काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्यानं एकच विचारलं, "ताई, घराचा काय ठरवलंस?"

भावाला खलनायक करून हे प्रकरण सुटत नाही. घर सिस्टरांनी आपल्या पगारातून बांधलं, पण जागा वडिलांची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हा पत्र्याचे पैसे त्यानंच पाठवले होते. निवृत्तीनंतर गावी यायचं हे त्याचं, बहुतेक चाकरमान्यांचं असतं तसं, ठरलेलं स्वप्न. आपल्या मागे बहिणीच्या घरात कोण राहणार हा त्याचा प्रश्न वाजवी होता.

वकिलांनी मांडलेला हिशोब

दोघी तालुक्याला वकिलांकडे गेल्या. त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सिस्टर अविवाहित. मृत्युपत्र न करता गेल्या तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 15 नुसार आईवडील आणि ते नसतील तर वडिलांचे वारस, म्हणजे भाऊ. मॅडम त्या यादीत कुठेच नाहीत. यावर उपाय सोपा : मृत्युपत्र. सिस्टरांच्या हिश्श्यापुरतं ते पुरेसं आहे. जिवंतपणीच घर नावावर करायचं तर बक्षीसपत्र, पण महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. मॅडम "परकी व्यक्ती", म्हणून बाजारमूल्यावर पूर्ण दर. बँकेतलं खातं जोडीनं ठेवता येतं, नामनिर्देशनही करता येतं. केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं ऑगस्ट 2024 मध्ये तसं स्पष्टच केलं आहे. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं अशी सूचना केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना दिली. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा पार्थिवाचा ताबा जोडीदाराला मिळावा, असं आरोग्य मंत्रालयानं राज्यांना त्याच महिन्यात कळवलं.

मग राहिली पेन्शन. सिस्टरांची भरती 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन. त्या गेल्या की कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, साधारण शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के. ते नियमात लिहिलेल्या "कुटुंबाला" मिळतं आणि त्या कुटुंबात जोडीदार म्हणजे नवरा किंवा बायको. मृत्युपत्रानं ते कोणाला देता येत नाही, नोटरीनं करता येत नाही, साहेबांना भेटून होत नाही. वकील म्हणाले, "बाकी सगळ्याला पळवाट आहे. याला लग्नच लागतं."

या एका वाक्यामुळे पुढे ठरावाचा मसुदा दोनदा फिरला.

लग्न होत नाही, कारण विशेष विवाह अधिनियम, 1954 चं कलम 4 वर 21 वर्षांचा आणि वधू 18 वर्षांची असं धरून चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाच्या मान्यतेसाठीच्या सुप्रियो प्रकरणात त्या कलमाला हात लावायला नकार दिला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जण एक होते. विवाहाविना अशा नात्याला नागरी मान्यता द्यावी का यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. हे काम कायदेमंडळाचं, असं न्यायालय म्हणालं. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

कागद मागायला गेल्या आणि ठराव निघाला

खरं तर दोघींना ठराव नकोच होता. त्यांना शिधापत्रिकेत नाव हवं होतं. कार्ड केशरी, धान्य मिळत नाही, पण दोघींची नावं असलेला एक सरकारी कागद तरी हाती येईल एवढीच अपेक्षा. पुरवठा शाखेतल्या लिपिकानं केंद्राची सूचना पाहिलेली नव्हती. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं आणि ग्रामपंचायतीचं काहीतरी आणा म्हणून सांगितलं. हे "काहीतरी" मागायला मॅडम ग्रामपंचायतीत गेल्या.

तिथे वॉर्ड दोनची सदस्य बसली होती. तिशीतली, खारवीवाडीतली, महिला राखीव जागेवर निवडून आलेली आणि सिस्टरांच्याच हातून जन्मलेली. दाखला देऊन भागणार नाही, ग्रामसभेचा ठरावच करू, ही कल्पना तिची. मॅडम घाबरल्या. सिस्टर दोन दिवस बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "नावं घालू नका. गावाला कळायचं ते कळलेलं आहे."

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात कोणी ते वापरत नाही) ताबडतोब हरकत घेतली : विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतला नाही. त्यांची भीती वेगळीच होती, आणि ती रास्त होती. 1998 च्या कायद्याखाली गावात विवाह नोंदणीचे निबंधक तेच. नेपाळमध्ये 29 नोव्हेंबर 2023 रोजी लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेनं अशा एका जोडप्याची नोंद केली होती आणि ती बातमी मोबाइलवर त्यांच्यापर्यंतही आली होती. "उद्या ठराव दाखवून मला नोंद कर म्हणाल. मी केली तर निलंबित, नाही केली तर ग्रामसभेचा अवमान." दोर्दीतली नोंद नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर झाली होती, इथे तसा आदेश नाही, हे सदस्येनं मान्य केलं. नोंदणीचा शब्द मसुद्यात येणार नाही असं तिनं लिहून दिलं तेव्हा भाऊसाहेब शांत झाले.

सरपंचांचा सल्ला असा की विषय "आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" यात घ्यावा. गर्दी पांगलेली असते, लोक चहाकडे बघत असतात, हात वर होतात आणि काम होतं. आपल्याकडे कितीतरी ठराव असेच होतात. सदस्येनं नकार दिला : विषयपत्रिकेवर घ्या, नोटीस फलकावर लावा, दवंडीत सांगा. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यांत शहाणा निर्णय होता. प्रतीकात्मक ठरावाला कायद्याचं बळ नसतं. त्याच्याकडे असतं ते एवढंच, की माणसांनी तो विषय काय आहे हे ठाऊक असताना हात वर केला. गुपचूप केलेला ठराव तेवढंही गमावून बसतो.

कोकणाला बिनताकदीचे ठराव नवे नाहीत

फलकावर विषय लागल्यावर गावात पहिला सूर विरोधाचा नव्हता. "याचा उपयोग काय?" असा होता.

हा प्रश्न ज्या किनाऱ्यावर विचारला गेला तिथे त्याचं उत्तर लोकांच्या आठवणीत आहे. नाणार परिसरातल्या ग्रामसभांनी रिफायनरीच्या विरोधात ठराव केले तेव्हा त्या ठरावांना भूसंपादन थांबवायची ताकद नव्हती. 2019 मध्ये अधिसूचना रद्द झाली ती लोकसभेच्या तोंडावर झालेल्या युतीच्या गणितातून. पण त्या गणितात एक आकडा त्या ठरावांचाही होता, हे राजापूर तालुक्यात कोणीही सांगेल. उलट बाजूही तितकीच खरी : रिफायनरी बारसू-सोलगावकडे सरकली, तिथल्या विरोधी ठरावांनंतरही 2023 मध्ये पोलीस बंदोबस्तात मातीचे नमुने घेतले गेले. ठराव ऐकला जाईलच असं नाही.

हेरवाडचं उदाहरण तर महिलांना पाठ होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं याला ग्रामपंचायत कायद्यात कुठे कलम आहे? नाही. तरी त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. अखत्यारीचा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही, कारण सरकारला ठराव आवडला होता.

विधानमंडळही असे ठराव करतं. 8 जानेवारी 2020 रोजी विधानसभेनं जातनिहाय जनगणनेसाठी केंद्राला विनंती करणारा ठराव केला. 27 डिसेंबर 2022 रोजी नागपूरच्या अधिवेशनात सीमाभागातल्या 865 गावांसाठी एकमतानं ठराव झाला. दोन्हींत राज्याच्या हातात निर्णय नव्हता. विवाहाच्या बाबतीत तर राज्याचा हात त्याहून लांब पोचतो, कारण विवाह आणि घटस्फोट हा समवर्ती सूचीतला, नोंद क्रमांक 5 चा विषय आहे. राज्य कायदा करू शकतं. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. 2023 मध्ये सुनावणी चालू असताना केंद्रानं राज्यांची मतं मागवली. आसाम, आंध्र प्रदेश, राजस्थान यांनी विरोध कळवला. महाराष्ट्रानं विचाराला वेळ मागितला. तो वेळ मागून झाला, पुढे काय विचार झाला ते बाहेर आलं नाही. म्हणून खालून एखादी ग्रामसभा "काय विचार केलात?" असं विचारते तेव्हा ती आगाऊपणा करत नाही.

परदेशातलं एकच उदाहरण इथे उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियात विवाह हा संघराज्याचा विषय. तिथल्या टास्मानिया राज्याच्या कनिष्ठ सभागृहानं सप्टेंबर 2011 मध्ये विवाहसमानतेच्या बाजूनं नुसता ठराव केला. समलिंगी संबंध गुन्हा मानणारं हे देशातलं शेवटचं राज्य, तो कायदा त्यांनी 1997 मध्ये कुठे काढला होता. 2013 मध्ये राजधानी प्रदेशानं ठरावावर न थांबता थेट कायदाच केला. तो तिथल्या उच्चतम न्यायालयानं काही आठवड्यांत रद्द केला. 2017 च्या टपाली मतचाचणीत 61.6 टक्के लोकांनी होकार दिला आणि डिसेंबरात देशाचा कायदा बदलला. टास्मानियाच्या ठरावामुळे तो बदलला, असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा अधिकार नाही त्यानं कायदा केला तर तो पडतो आणि मत दिलं तर ते राहतं, एवढं यातून दिसतं. भाऊसाहेबांच्या भीतीचं उत्तरही तेच होतं.

महिला सभा

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती असते. इथे ती अडीच तास चालली.

सदस्येनं संविधानापासून सुरुवात केली आणि पहिल्या दहा मिनिटांत सभा तिच्या हातून निसटली. "दोन बायका लग्न करनार म्हंजे काय?" कुणीतरी हसलं, कुणी पदर तोंडाला लावला. मग तिनं कागद बाजूला ठेवला आणि पेन्शनचं सांगितलं. सिस्टर गेल्या तर मॅडमना काय मिळणार? काही नाही.

या गावातल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. नवरे मुंबईत, गोदीत, गिरणीत. घर चाललं मनीऑर्डरवर आणि नवरा गेल्यावर पेन्शनवर. नावात एक अक्षर चुकलं म्हणून कोषागारात घातलेल्या खेपा इथे प्रत्येक दुसऱ्या बाईला आठवतात. हसणं थांबलं. कुणबीवाडीतली एक म्हातारी उठली. "माज्या सुनेचा बालंतपान सिस्टरनं केलान. भर पावसात होडीनं खाडी उतरून आली, अर्ध्या रात्री. तिच्या घरात जी हाय ती उपाशी ऱ्हानार आनि आमी बगनार?"

महिला सभेनं विषय मंजूर करून पुढे पाठवला. एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसल्या : "लग्न" आधी येऊ नये, "मागे राहिलेलीची सोय" आधी यावी. सदस्येला ते पटलं नाही. मला पटतं.

तहकूब सभा

1 मे ला कोरम झाला नाही. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या लागते, म्हणजे इथे 100. आंब्याचा हंगाम, लग्नसराई. माणसं सत्तरच्या आत. सभा आठवड्यानं तहकूब झाली. तहकूब सभेला कोरमची अट नाही, पण माणसं उलट वाढली, नव्वदच्या वर गेली. मे महिना असल्यानं चाकरमानी गावात होते आणि मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर "गावाचं नाव पेपरात जाईल" असा इशारा फिरला होता.

पहिला वाद मताधिकाराचा. ज्यांची नावं विरार, नालासोपारा, दिव्याच्या मतदार यादीत, ते ग्रामसभेचे सदस्य नाहीत. बोलू द्यायचं, मत धरायचं नाही, असं सरपंचांनी ठरवलं. भाऊही बोलला. "माझी बहीण आहे. तिला काही कमी पडू देणार नाही. पण हे घरातलं घरात राहू दे ना, सभेत कशाला?" सभेतल्या अर्ध्या लोकांच्या मनातलं तो बोलला. त्याला उत्तर सिस्टरांनी दिलं नाही, त्या आल्याच नव्हत्या. उत्तर दिलं मॅडमनी, आणि तेही एका वाक्याचं : "दवाखान्यात मला खोटं लिहावं लागलं, ते घरात नाही, कागदावर."

गावकीच्या जुन्या मानकऱ्यांनी पालखीचा मुद्दा काढला. पालखी जाते ती घराण्याच्या दारात. सिस्टर आहेत तोवर प्रश्न नाही; उद्या त्या दारात घराण्याचं कोणी नसेल तर? त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, काळजी होती. पण शेजारच्या रायगड जिल्ह्यात गावकीनं वाळीत टाकल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा करण्याची वेळ आली, हे सगळ्यांना ठाऊक होतं : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. सदस्येनं कायद्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मानकरी दुखावले असते आणि मुद्दा तिथेच अडकला असता. तिनं विचारलं, "पालखीचं शिमग्यात ठरवा. आज शिफारशीचं ठरवूया का?"

मग सरपंचांनी तडजोड काढली. शिधापत्रिका, दवाखाना, घरपट्टी हे सगळं ठेवा. विवाहाचं वाक्य काढा. एकमतानं मंजूर करतो.

मोह मोठा होता. एकमताचा ठराव वर्तमानपत्रात शोभतो, गावात कडूपणा राहत नाही, आणि वरवर पाहता दोघींना हवं ते सगळं मिळतं. सदस्या गडबडली. महिला सभेतली कुणबीवाडीची म्हातारीच पुन्हा उठली आणि तिनं विचारलं, "त्या वाक्याबिगर पेन्शन मिलते?" कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ते वाक्य काढलं असतं तर उरलेला ठराव दोन बायांवर केलेली मेहेरबानी झाला असता, आणि मेहेरबानी पुढच्या सरपंचाला बंद करता येते. वाक्य राहिलं. एकमत गेलं.

इतिवृत्तात असं आहे :

"ठराव क्र. 7. एकत्र राहणाऱ्या जोडीदारांपैकी एकाच्या आजारपणात व पश्चात दुसऱ्याची आबाळ होऊ नये, यास्तव केंद्र शासनाच्या ऑगस्ट 2024 मधील सूचनांप्रमाणे शिधापत्रिका, बँक व रुग्णालय येथे अशा जोडीदारांची नोंद घेतली जावी. कुटुंब निवृत्तिवेतन व वारसाहक्क हे विवाहाशिवाय मिळत नसल्याने समलिंगी जोडीदारांच्या विवाहास कायद्याने मान्यता द्यावी, अशी शिफारस ही सभा करीत आहे. राज्य विधानमंडळाने या विषयावर आपले मत ठरावाद्वारे केंद्रास कळवावे. प्रत गटविकास अधिकारी, तहसीलदार, आमदार व खासदार यांना पाठविणे. सूचक : सदस्य, प्रभाग 2. अनुमोदक : महिला ग्रामसभेतर्फे. बाजूने 47, विरोधात 26, तटस्थ 19. बहुमताने मंजूर."

त्यानंतर

वरून उत्तर आलं नाही. आमदारांच्या कार्यालयानं प्रत मिळाल्याची पोच दिली, तेवढीच. पुरवठा शाखेनं "मार्गदर्शन मागविले आहे" असं कळवलं. निदान अर्ज आता दप्तरात आहे, आधी तोंडीच परत पाठवत होते.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या हातात एकच गोष्ट होती आणि तिच्याकडे लक्ष गेलं ते ठरावानंतर. कर आकारणीच्या नमुना 8 मध्ये मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव असे दोन रकाने असतात. भोगवटादार म्हणून मॅडमचं नाव लावायला विवाह लागत नाही, रहिवास लागतो. मालकी त्यानं मिळत नाही, पण राहत होती याचा पुरावा होतो. हे काम पंचवीस वर्षांत कधीही होऊ शकलं असतं. कोणी मागितलं नाही, कोणी सुचवलं नाही. मासिक सभेत अर्ज आला तेव्हा भाऊसाहेबांनी जागेच्या सहहिस्सेदाराचं म्हणणं घ्यावं म्हणून भावाला पत्र पाठवलं. त्यानं ना हरकत दिली, एका अटीवर : मृत्युपत्रात घराचा वापर मॅडमच्या हयातीपर्यंत त्यांचा आणि नंतर घर त्याच्या मुलांकडे. सिस्टरांनी ती अट मान्य केली. मॅडमना ती आधीपासूनच मान्य होती, असं त्यांनी वकिलांना सांगितलं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करताना विरोधातल्यांनी "सर्वानुमते" असं कुठे चुकून लिहिलं नाही ना, हे तपासून घेतलं. नव्हतं. इतिवृत्त कायम झालं. पेन्शनच्या नियमात काही बदललेलं नाही. पालखीचा विषय गावकीनं शिमग्याच्या बैठकीपर्यंत पुढे ठेवला आहे.